कादंबरीतलं काय टाकाल? सोलापूरच्या एका कादंबरीने मालिकेसाठी सोबती शोधले, त्याचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कादंबरीचं आहे. लेखिका निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. कादंबरी साडेतीनशे पानांची, एका पद्मशाली घराच्या तीन पिढ्यांची. आजोबा हातमागावर, वडील दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, आणि हे सगळं सांगणारी धाकटी मुलगी. शेवट कुंभारीजवळच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत होतो. २००६ मध्ये तिथली दहा हजार घरं विडी कामगार बायकांना मिळाली. कादंबरीतल्या आईच्या नावावर त्यातलंच एक घर होतं.

दुसरी आवृत्ती निघाल्यावर वाचक बाईंना म्हणू लागले, यावर मालिका व्हायला पाहिजे. बाईंनी ते मनावर घेतलं. हौशी नाट्यसंस्थांची आणि नवीन पटकथाकारांची लिखाणं वाचून मत देण्याचं काम मी करतो, त्या नात्याने या सगळ्यात होतो. बाईंच्या आणि बाकीच्या मंडळींच्या परवानगीने लिहितो आहे. कुणाचंही नाव देत नाही.

लिहिण्याचं कारण असं, की सोलापूर, लातूर, नांदेड, कुठूनही लेखक भेटला की पहिला प्रश्न विचारतो: मुंबईत कुणी ओळखीचं आहे का? ओळख लागतेच, नाही असं नाही. पण या प्रकरणात ओळख सगळ्यात आधी मिळाली आणि तिनेच कादंबरी अडकायची वेळ आणली. काम पुढे सरकलं ते वेगळ्याच प्रश्नाने. सोबत काम करायला आलेल्या प्रत्येकाला बाईंनी विचारलं, या कादंबरीतलं तुम्ही काय टाकून द्याल?

सहीसाठी आलेलं पत्र

नात्यातल्या एकाने बाईंची मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेशी गाठ घालून दिली. तिकडून गोड बोलणं झालं. त्यांनी कादंबरीची पीडीएफ मागितली, दोन पानांचं कथासार मागितलं, आणि सहीसाठी एक पत्र पाठवलं. कादंबरीचे दृक्‌श्राव्य हक्क आम्ही या संस्थेला देत आहोत, वापर झाला नाही तरी ते संस्थेकडेच राहतील, असा मजकूर. मुदत नाही, प्रदेश नाही, रकमेचा उल्लेख नाही. "चॅनेलला दाखवायला लागतं हो बाई, नुसती फॉर्मॅलिटी आहे." बाई सही करणार होत्या. पत्र माझ्याकडे आलं ते शुद्धलेखन तपासायला.

ते मी थांबवायला सांगितलं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्याच्या कलम १९ मध्ये हक्क देण्याची पद्धत सांगितली आहे. करार लेखी हवा, त्यावर सही हवी, कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत. ज्याने हक्क घेतला त्याने वर्षभरात तो वापरला नाही तर हक्क लेखकाकडे परत येतो, अशी एक चांगली सोयही त्याच कलमात आहे, पण करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. या पत्रात नेमकं तेच वेगळं लिहून घेतलं होतं. म्हणजे एका सहीत कादंबरी पाच वर्षं कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसली असती, आणि बाईंच्या हातात एक रुपयाही आला नसता.

यातून एक बरं झालं. बाईंनी प्रकाशकाशी झालेला जुना करार बाहेर काढला. तो फक्त मराठी छापील आवृत्त्यांपुरता होता. रूपांतराचा, भाषांतराचा, कृतीवरून चित्रपट किंवा मालिका करण्याचा हक्क कायद्यात वेगवेगळा मोजला जातो, आणि यातला एकही बाईंनी कुणाला दिलेला नव्हता. सगळं त्यांच्याकडेच होतं. सोबती शोधायला निघण्याआधी आपल्या हातात काय आहे ते पाहून घ्यावं, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. काही जणांच्या करारात ‘इतर सर्व हक्क’ अशी एक ओळ शेवटी असते. तसं असेल तर पहिली बैठक प्रकाशकाबरोबर, निर्मात्याबरोबर नाही.

कोण हवंय?

बाईंचं म्हणणं होतं, एक चांगला दिग्दर्शक मिळाला की झालं. सिनेमाच्या बाबतीत ते चाललं असतं. टीव्हीवर दिग्दर्शक बराच उशिरा येतो. आधी कागद लागतो, आणि तो कागद एका माणसाचा नसतो. मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावं बहुधा वेगळी असतात. कादंबरीकार ही तिन्ही कामं एकटाच करत आलेला असतो, त्यामुळे आपल्याला तीन माणसं लागणार आहेत हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा प्रश्न मालिकेच्या लांबीचा. दैनंदिन मालिकेचा एक भाग साधारण २२ मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२, म्हणजे ११४ तासांहून जास्त. बाईंची कादंबरी मोठ्याने वाचली तर दहाबारा तासांत संपते. उरलेले शंभर तास कोणीतरी नव्याने लिहिणार, आणि तेही दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे टीआरपीचे आकडे आले की त्यानुसार वळवत. ते काम हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. रोजचा भाग वेळेवर देणाऱ्या लेखकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या कादंबरीला शेवट आहे. आईच्या हातात घराची किल्ली येते तिथे ती थांबते, आणि तिथेच थांबायला हवी. दूरदर्शनच्या तेरा भागांच्या काळात अशा कादंबऱ्या नीट बसायच्या. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मालिका आजही लोकांना आठवते. तेव्हा ठरलं, आठ ते दहा भागांची मर्यादित मालिका. त्यासाठी दारं कमी आहेत हे माहीत असूनही.

हे ठरल्यावर शोध सोपा झाला. कुणीतरी मोठं माणूस हवं, असं म्हणण्याऐवजी आता आम्ही म्हणत होतो: दहा भागांत गोष्ट बसवणारा पटकथाकार हवा, पूर्व भागाची बोली कानात असलेला संवादलेखक हवा, आणि विडीच्या कामातली एखादी जाणकार बाई हवी.

शोध कुठे घेतला ते थोडक्यात सांगतो. एक, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हुतात्मा स्मृती मंदिरात दरवर्षी दिसणारे इथले नाटककार. दोन, पुणे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं, आणि एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतून किंवा विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून बाहेर पडलेली मुलं तिथे सापडतात. तीन, मुंबईत मालिका लिहिणारे सोलापूर जिल्ह्यातले लोक. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, अतुल कुलकर्णी सोलापुरातून गेलेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं मालिकांचे संवाद लिहिणारे, पडद्यावर नाव आलं तरी कुणी वाचत नाही असे या मातीतले कितीतरी जण मुंबईत आहेत. पत्ता लागतो तो विचारत गेलं की. गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीने फिल्म बझार हा चित्रपट-मालिकांचा बाजार भरतो, तिथे जावं का असाही विचार झाला. तिथे तयार कागद घेऊन जायचं असतं, आमच्याकडे तेव्हा फक्त कादंबरी होती. म्हणून ते मागे ठेवलं.

एक प्रकरण, तीन हात

तीन जण निवडले. तिघांना कादंबरीतलं तेच एक प्रकरण दिलं, आणि दोन गोष्टी मागितल्या. या प्रकरणाचा एक प्रसंग लिहा, आणि सगळ्या कादंबरीतून तुम्ही काय टाकाल ते एका पानावर लिहा. तिघांनाही मानधन दिलं. रक्कम मोठी नव्हती, पण फुकट लिहून मागायचं नाही यावर बाई ठाम होत्या. फुकट मागणाऱ्यांचा अनुभव त्यांनी नुकताच घेतला होता.

प्रकरण असं. आई हजार विड्या घेऊन ब्रँचवर, म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायच्या कारखान्याच्या शाखेत, जाते. तपासणारा मूठ मूठ विड्या बाजूला काढतो, काही तिच्या समोरच मोडतो. आई काही बोलत नाही. मुलगी शेजारी उभी आहे आणि मनातल्या मनात हिशेब करते आहे, की या महिन्यात वह्या येणार की नाही. कादंबरीत हे अकरा पानांत आहे आणि जवळजवळ सगळं मुलीच्या मनात चालतं. टीव्हीसाठी अवघड तेच.

सोलापूरच्या नाटककाराने आईला बोलतं केलं. तपासणाऱ्यासमोर पदर खोचून उभी राहते आणि पानभर बोलते. वाचताना अंगावर काटा आला. नाट्यगृहात टाळ्या पडल्या असत्या. पण कादंबरीतली आई साडेतीनशे पानांत कुठेही अशी बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणूनच मुलगी लिहिते. त्यांचं टाकायच्या गोष्टींचं पान कोरं आलं. "बाई, यातलं काही टाकण्यासारखं नाही." बाईंना ते ऐकून फार बरं वाटलं. मला काळजी वाटली. ज्याला काहीच टाकावंसं वाटत नाही त्याने अजून कादंबरी फक्त वाचली आहे, तिच्याकडे कामाच्या नजरेने पाहिलेलं नाही.

पुण्याच्या तरुणाने सगळे संवाद काढले. सूप, बोटं, मोडलेल्या विडीतून सांडणारी तंबाखू, मुलीचे डोळे. सुंदर लिहिलं होतं. त्याने आजोबा आणि वडील दोघांनाही टाकलं होतं, आई आणि मुलगी इतकंच ठेवलं होतं. तो सिनेमा होता, शंभर मिनिटांचा, आणि कदाचित चांगला झाला असता. पण घरी मालिका पाहणारा माणूस अर्धी मालिका ऐकत असतो. भाजी चिरता चिरता, पोराचा डबा भरता भरता. सगळंच डोळ्यांवर सोडलं तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. तोही हे मान्य करत होता आणि त्याला मालिका करायची नव्हतीच. चहा पिऊन, हसतमुखाने आम्ही मोकळे झालो.

तिसरे मूळचे बार्शी तालुक्यातले, बरीच वर्षं मुंबईत दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहितात. त्यांच्या प्रसंगात आई गप्पच होती. रांगेत तिच्या मागे एक शेजारीण घातली होती, आणि सगळं बोलणं तिच्या तोंडी. तपासणाऱ्यावर, विडीच्या पानावर, स्वतःच्या नवऱ्यावर ती अखंड बोलते. आई शेवटी फक्त एक आकडा उच्चारते, "नऊशे चाळीस." तपासणारा लिहून घेतो. रात्री मुलगी पाटीवर एक हजारातून नऊशे चाळीस वजा करते, आणि खाली साठ लिहून पाटी पुसत नाही. इतकंच. कादंबरीत ना ती शेजारीण आहे, ना पाटी. तरीही बाई वाचून म्हणाल्या, "हे माझंच आहे."

मग त्यांनी दुसरं पान वाचलं आणि चेहरा उतरला. आजोबांचा पहिला भाग, जवळपास साठ पानं, त्यांनी टाकला होता. हातमाग, ताणा, कांड्या भरणाऱ्या बायका, तेलंगणातून सोलापुरात येणं, बाईंच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मजकूर. कारणही लिहिलं होतं. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकाला आई आवडली पाहिजे, आणि या रचनेत ती तिसऱ्या भागापर्यंत जन्मलेलीच नाही. आजोबा घरात राहतील, माग उतरवून ठेवलेल्या लाकडांत राहतील, आई त्यांच्याविषयी जे सांगते त्यात राहतील. आणि खाली एक ओळ: "शेवट बदलायला कोणी सांगितलं तर मी काम सोडेन. घर तिच्याच नावावर झालं पाहिजे."

बाईंनी दोन दिवस फोन घेतला नाही. मग त्यांनीच लावला आणि सांगितलं, चालेल, पण उतरवलेला माग पहिल्याच दृश्यात दिसला पाहिजे. तिथे सोबत जमली.

मला या चाचणीचं मोल वाटतं ते याचसाठी. चांगला प्रसंग तिघांनीही लिहिला होता. कादंबरीचा जीव कशात आहे हे ज्याला कळलं, त्यालाच बाकीचं निर्धास्तपणे कापता आलं. आणि कापण्याचं कारण त्याने लेखिकेच्या तोंडावर सांगितलं. पुढे दहा भाग एकत्र काम करायचं तर हे दोन्ही लागतं. गोड बोलून नंतर परस्पर बदलणारे पुष्कळ भेटतात.

सोलापूरचे नाटककार मात्र सुटले नाहीत, आणि ते फार चांगलं झालं. मुंबईच्या पटकथाकारांची शेजारीण मालिकेतल्या ठरावीक गावरान मराठीत बोलत होती. ‘ह्यो’, ‘त्येनं’, ‘म्हनतोय’. ती भाषा साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत कुठल्याही गावाला चिकटवतात, आणि पूर्व भागात ती कोणीच बोलत नाही. नाटककारांनी एका बैठकीत ते संवाद फिरवले. "पान ओला आहे म्हणतो. पान कोण दिलाय? त्यानंच दिलाय की!" घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या बाईच्या तोंडची ही मराठी. व्याकरणातलं लिंग सुटतं, पण धार सुटत नाही. असं बोलणारं माणूस आपल्याकडे पडद्यावर आलं की विनोदासाठीच येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या मालिकेत त्या बोलीवर हशा येणार नाही, ही अट नाटककारांनी स्वतःहून घातली. पटकथा मुंबईकरांची, संवाद सोलापूरकरांचे, असं ठरलं.

पडद्यावर विडी

पटकथाकारांनी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत काढली, जी आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा २००३ चा कायदा आणि त्याखालचे नियम. टीव्हीवरच्या नव्या कार्यक्रमात विडी किंवा सिगारेट दिसली, तर सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याचे इशारे दाखवावे लागतात, आणि ती वस्तू पडद्यावर असेपर्यंत खाली ठळक सूचना चालवावी लागते. तंबाखू दाखवण्याला कथेत सबळ कारणही लागतं. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हे इशारे आणि सूचना लागू आहेत. आपली गोष्ट विडी वळणाऱ्या घराची. म्हणजे दहाही भाग, प्रत्येक प्रसंगात, आईच्या मांडीखाली सूचनेची पट्टी. पहिल्याच बैठकीत कुठलाही चॅनेलवाला यावर बोट ठेवेल, असं ते म्हणाले.

बाईंचा पहिला विचार होता आईचं काम बदलायचा. शिवणकाम दाखवू. याला पटकथाकारांनीच विरोध केला. मग विडीच्या कामातली जाणकार म्हणून जिला आम्ही सोबत घेतलं होतं, त्या अक्कांकडे गेलो. त्यांचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. त्यांनी कामाचा सगळा क्रम दाखवला. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, मग तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, शेवटी कट्टे, म्हणजे विड्यांच्या जुड्या. पटकथाकार ऐकत होते. अक्का थांबल्यावर म्हणाले, यात निम्म्याहून जास्त वेळ तर नुसतं पान आहे.

तिथून वाट सापडली. घरातल्या प्रसंगांत पान दाखवायचं. भिजवणं, कापणं, कात्रीचा आवाज, कापलेल्या पानांची रास. तयार कट्टे फडक्यात बांधलेले. विडी उघडी दिसते ती ब्रँचच्या प्रसंगात आणि आणखी मोजक्या ठिकाणी, जिथे तिच्याशिवाय अर्थ नाही. तिथे सूचना येईल, येऊ दे. वकिलांना दाखवून हे धोरण कथापुस्तिकेत, म्हणजे मालिकेची कथा आणि पात्रं मांडणाऱ्या पुस्तिकेत, पहिल्याच पानांवर लिहिलं. कात्रीचा आवाज तर संवादलेखकांना इतका आवडला, की आई रागावली की तो थांबतो, अशी खूण त्यांनी सगळ्या भागांत वापरली.

अक्कांनी आणखी एक दुरुस्ती केली. ब्रँचला कोणी एकटी जात नाही, गल्लीतल्या पाचसहा जणी मिळून जातात. कादंबरीत आई एकटीच जाते. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, पुढच्या आवृत्तीसाठी. अक्कांना सल्लागार म्हणून मानधन आणि नामावलीत नाव, हे करारात आलं. त्यांना नावाचं अप्रूप नव्हतं, मानधन वेळेवर मिळेल का एवढंच त्यांनी विचारलं. ते वेळेवर दिलं.

कागदावर काय लिहिलं

मंडळी आपली, मग करार कशाला, असं बाई आणि नाटककार दोघंही म्हणाले. आपल्याकडे हे फार होतं, आणि दोस्ती तुटते ती इथेच. म्हणून तपशीलात सांगतो.

पटकथा ही कादंबरीवरून केलेली असली तरी ती स्वतंत्र कृती आहे, तिचा हक्क तिच्या लेखकाचा. त्यामुळे सोबत सुटली तर काय, हे आधी लिहावं लागतं. ठरलं ते असं: पटकथाकार मध्येच बाजूला झाले तर तोवरच्या मसुद्याचे ठरलेले पैसे देऊन बाई तो पुढे वापरू शकतील, पटकथाकारांचं नाव मात्र राहील. बाईंनी कादंबरी काढून घेतली तर शेजारीण, पाटी असली नव्याने निर्माण केलेली पात्रं आणि प्रसंग पटकथाकारांचे. निर्मात्याकडून येणाऱ्या रकमेतले वाटे टक्क्यांत लिहिले. श्रेयाचे शब्दही करारातच: मूळ कादंबरी, पटकथा, संवाद, सल्ला.

बाईंनी मसुदा कधी वाचायचा हेही ठरवलं. वनलाइन, म्हणजे एकेका ओळीत प्रसंगांची यादी, झाल्यावर, पहिला मसुदा झाल्यावर, शेवटचा मसुदा झाल्यावर. मधे नाही. रोज फोन करणारा कादंबरीकार पटकथाकाराला काम करू देत नाही.

कादंबरीचा विपर्यास झाला तर काय, ही बाईंची भीती खरी होती. तिथे कलम ५७ आहे. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला धक्का बसत असेल, तर दाद मागायचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरून निघालेल्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. पण कोर्ट ही शेवटची पायरी. आम्ही करारातच दोन गोष्टी न बदलण्याच्या म्हणून लिहिल्या: आईची भाषा आणि घराचा शेवट.

कथापुस्तिका आणि पहिल्या दोन भागांच्या पटकथा पटकथाकारांनी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवल्या. लिहिल्या क्षणी हक्क निर्माण होतोच, नोंदणी ही तारखेचा पुरावा. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं आहे की हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. म्हणून नोंदणी झाल्याशिवाय कुठेही तोंडी गोष्ट ऐकवायची नाही, असा नियम केला, आणि प्रत्येक भेटीनंतर काय बोलणं झालं त्याचा ईमेल.

दारं

इथलं लवकर सांगतो. एका वाहिनीने कथापुस्तिका आवडली म्हणून बोलावलं, आणि दैनंदिन मालिका करा, मुलीचं लग्न पहिल्या महिन्यात आणा, असं सुचवलं. पटकथाकारांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही, तेच नको म्हणाले. एका ओटीटीच्या माणसाने इंग्रजी प्रत मागितली आणि पुढे उत्तर आलं नाही. त्यानंतर पुण्याच्या एका छोट्या निर्मिती संस्थेने अठरा महिन्यांचा ऑप्शन घेतला. रक्कम देऊन ठरावीक मुदतीपुरता हक्क राखून ठेवायचा, मुदतीत मालिका उभी राहिली तर पूर्ण करार, नाही तर सगळं बाईंकडे परत. मुदत, प्रदेश, रक्कम, सगळं लिहिलेलं. न बदलण्याच्या दोन्ही गोष्टी त्यात जशाच्या तशा आल्या. ऑप्शनच्या रकमेतला ठरलेला वाटा पटकथाकारांना, नाटककारांना आणि अक्कांना पोचला.

आता दिग्दर्शकाचा शोध चालू आहे, आणि निर्मात्याने पद्धत आमचीच उचलली आहे. पहिल्या दोन भागांच्या पटकथा देतात आणि विचारतात, यातला कोणता प्रसंग तुम्ही चित्रित करणार नाही? एकाने ब्रँचचा प्रसंग काढला, सूचनेची पट्टी टाळायला. दुसऱ्या दिग्दर्शिकेने उत्तर देण्याआधी पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतीत राहायला वेळ मागितला, आणि परत येऊन दुसऱ्या भागातला शाळेचा प्रसंग काढायला सांगितला, कारण पाटीवरच्या साठ आकड्याने तेच काम आधीच केलं आहे. पटकथाकारांना ते पटलं, बाईंना अजून पटलेलं नाही. बोलणी त्यांच्याशीच सुरू आहेत. मानधन ठरायचं बाकी आहे.